गूळ असो नाहीतर साखर, आतड्याला सगळं सारखंच

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की डायबेटिसवाल्यांनी साखर बंद करून सेंद्रिय गूळ खावा, गुळानं शुगर वाढत नाही. सांगलीत हे लगेच पटतं, कारण गूळ आपल्या मार्केट यार्डातला, गुऱ्हाळं आपल्या भागातली, घरच्या मालानं काय त्रास होणार असं वाटतं. पण यावर विश्वास ठेवून लोक बिनधास्त गुळाचा चहा पितायत, म्हणून लिहितोय.

गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरंय, पण बहुतेक भाग सुक्रोजच, साखरेत असतं तेच. सुक्रोज म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेलं, आणि ही जोडी अख्खी रक्तात जात नाही, लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचं एन्झाइम असतं ते ती तोडतं. भाकरी, भात, भडंग यातला स्टार्च लाळेतल्या आणि स्वादुपिंडाच्या अमायलेज नावाच्या एन्झाइमनं तुटत तुटत शेवटी ग्लुकोजच होतो, फक्त वेग कमीजास्त.

आता हे ग्लुकोज आतड्याच्या पेशीत शिरतं कसं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. पेशीचं आवरण चरबीचं, त्यातून पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज आपलं आपण जात नाही. तिथं एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीन असतं, ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे एकत्रच आत घेतं, सोडियम नसेल तर ग्लुकोजही बाहेरच. आणि सोडियम आत यायला तयार का असतं, तर पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप सतत चालू असतो, तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर फेकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करतो, त्यामुळं पेशीत सोडियम कायम कमी राहतं. म्हैसाळ योजनेत वीज लागते ती कृष्णेचं पाणी वर उचलायला, पुढं कालव्यातून पाणी उतारानं आपोआप जातं, तसंच इथं ताकद पंपाला लागते आणि आत येणाऱ्या सोडियमच्या ओढीवर ग्लुकोज फुकट आत येतं, अगदी आतड्यात ग्लुकोज पेशीपेक्षा कमी उरलं असलं तरीही. हा पंप येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये शोधला, त्यासाठी १९९७ ला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि सोडियम-ग्लुकोजच्या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. पेशीतून पुढं रक्तात जायला ग्लूट-२ नावाची वाट आहे. फ्रुक्टोज ग्लूट-५ मधून येतं, त्याला सोडियम लागत नाही, पुढं त्याचा निकाल बराचसा लिव्हरमध्ये लागतो.

आता यात सेंद्रिय, केमिकल-फ्री, देशी हे ओळखायची सोय कुठंच नाही. ग्लुकोज उसातून गुळाच्या ढेपेत आलं की कारखान्याच्या पोत्यात, एसजीएलटी-१ ला ते कळतच नाही. 'डायबेटिस मुळापासून बरा' म्हणून चूर्ण विकणाऱ्यांना एवढंच विचारा की तुमचं औषध यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर काम करतं.

सोडियम-ग्लुकोजच्या याच जोडीनं लाखो जीव वाचवलेत. सोडियम आणि ग्लुकोज आत गेलं की मागोमाग पाणी जातं, आणि जुलाबातही ही वाट बहुतेक वेळा चालू असते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं द्यायला लावलं आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएस ते हेच. त्यात जास्त साखर घालू नये, कारण पाणी घट्ट झालं की आतडं उलट शरीरातलं पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात.

एसजीएलटी-१ चंच एक भावंड किडनीत असतं, एसजीएलटी-२. निरोगी माणसाच्या किडनीत रोज साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि त्यातलं जवळपास ९० टक्के हे प्रोटीन परत रक्तात घेतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळ्या नेमकं तेच अडवतात, जादा साखर लघवीतून निघून जाते. त्यामुळं या गोळ्या चालू असताना लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर दिसणारच, ते बघून घाबरून स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जा.