रंगाखालचे मीठ

गणपतीपूर्वी घराला रंग लागलाच पाहिजे, हा कोकणातला शिरस्ता. त्यामुळे समुद्राकडच्या पडवीतले प्लायवूडचे जुने कपाटही त्याच धांदलीत जेमतेम घासून रंगवले जाते. दिवाळीपर्यंत त्यावर मुगाएवढे फोड येतात आणि दोष रंगाऱ्याला, रंगाच्या डब्याला, क्वचित वास्तूलाही दिला जातो. वास्तुशांतीने हे फोड बसत नाहीत, कारण त्यांचे मूळ बहुधा मिठात असते.

खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण जुन्या रंगाच्या भेगांत साठतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कोरडा स्फटिक हवेतले पाणी ओढून त्यातच विरघळतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. असे मीठ नव्या रंगाखाली अडकले, तर रंगाचा थर अर्धपार्य पटलासारखा वागू लागतो, म्हणजे पाण्याचे रेणू त्यातून आत शिरतात, परंतु मिठाचे आयन सहजासहजी बाहेर पडत नाहीत. शाळेत मनुका पाण्यात टाकून पाहिलेले परासरण ते हेच. पाणी आतल्या खाऱ्या द्रावणाकडे ओढले जाते, दाब वाढतो आणि रंगाची पकड जिथे कच्ची असेल तिथे फोड उठतो. टाचणीने टोचल्यास त्यातून थेंब निघतो. तो चाखून खात्री करण्याचा मोह मात्र टाळावा: घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते.

म्हणून सुटलेले पोपडे पट्टीने अलगद काढून, घासण्याच्या आधीच पृष्ठभाग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावा. अन्यथा घासताना मीठ लाकडाच्या रंध्रांत दाबले जाते. प्लायवर पाइपने पाणी मारू नये, कारण कडेला तंतूंची उघडी तोंडे असतात आणि ती पाणी शोषतात. नाण्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर थरांमधला डिंक सुटलेला असतो. तो तुकडा बदलावा, लांबी (पुट्टी) भरून तो सावरत नाही. पृष्ठभाग पुरता वाळल्यावर, तोंडावर मास्क बांधून, १८० नंबरचा वॉटरपेपर किंचित ओला करून हातानेच फिरवावा. प्लायचा वरचा पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि यंत्र तो क्षणात खाऊन टाकते.

मग प्राइमर, तोही आधी कडांना, पातळ करून दोन हात. दाराची खालची कड उभ्या दाराला कधीच नीट रंगवता येत नाही. त्यासाठी बिजागऱ्या सोडवून दार आडवे घ्यावे लागते.