पोट्टी घसरते, मंग चेंडू काहून नाई घसरत?

२०२२च्या जूनचा पहिला शनिवार. मृग लागायला तीन-चार दिवस होते. बियाण्याच्या थैल्या पडवीत रचून ठेवलेल्या, आणि संध्याकाळी चक्क लाइन होती. पॅरिसला फ्रेंच ओपन टेनिसमध्ये महिलांची अंतिम लढत चालू होती, पोलंडची इगा श्वियाँतेक विरुद्ध अमेरिकेची कोको गॉफ. घरात टेनिस कळणारा मी एकटा, पण टीव्हीही एकच, त्यामुळे बघत सगळेच होते. शेजारचे आबाजी बाजेवर बसून सुपारी कातरत होते. कोपऱ्यातल्या एका चेंडूमागे इगा धावली आणि शेवटचं दीड-दोन हात अंतर तिनं सरळ घसरत कापलं.

"पडन ना बाप्पा थे पोट्टी!"

"नाही पडत आबाजी. तिथं तसंच खेळतात. मातीचं मैदान आहे."

अडकित्ता थांबला. "पोट्टी घसरते, मंग चेंडू काहून नाई घसरत? थो तं टप्पा खाऊन वर येऊन राह्यला."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही. इगा ६-१, ६-३ अशी जिंकली, आबाजी घरी गेले आणि प्रश्न माझ्याकडे राहिला.

त्या मैदानाला माती म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. ही स्पर्धा पॅरिसच्या ज्या संकुलात होते त्या रोलाँ गॅरोच्या कोर्टात तळाला दगड असतात, त्यावर खडी, मग जळलेल्या कोळशाचा चुरा, त्यावर पांढऱ्या चुनखडीचा सहा-सात सेंटिमीटरचा दाबलेला थर. टीव्हीवर जो लाल रंग दिसतो तो सगळ्यात वरचा विटांचा चुरा, आणि तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर. म्हणजे अंगणात सारवणाचा थर असतो तेवढाच. खालची चुनखडी पाणी धरून ठेवते आणि हळूहळू वर सोडते, म्हणून चुरा उडून जात नाही. तरीही रोज पाणी मारावं लागतंच. कबड्डीच्या मैदानावर सामन्याआधी आपण सडा मारतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या काळ्या मातीत असलं मैदान होणं नाही. कपाशीला जी माती मानवते तीच खेळाला नडते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, पत्त्यांच्या जोडासारखं थरांचं. थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, उन्हानं ते निघून गेलं की आकसते, आणि मे महिन्यात वावरात मनगट जाईल अशा भेगा पडतात. आमच्या शाळेचं मैदान केलं तेव्हा आधी काळी माती उपसली, मग मुरूम आणून दाबला. मुरमाला हा फुगण्या-आकसण्याचा रोग नाही.

आता आबाजींचा प्रश्न. बुटाखाली काय होतं? माणसाचं सगळं वजन सपाट, बऱ्यापैकी कडक तळव्यावर येतं. तळवा आणि खालची टणक चुनखडी यांच्यामध्ये विटांचे सुटे कण सापडतात आणि ते छर्ऱ्यांसारखे गडगडायला लागतात. बारदानाखाली ज्वारीचे दाणे सांडले असतील आणि तुम्ही त्यावरून चालला असाल, तर अधिक सांगायला नको. चेंडूचं मात्र उलट आहे. तो मऊ आणि केसाळ. जमिनीवर आदळला की चपटा होतो, त्याची लव कणांमध्ये रुतते, आणि पुढे सरकताना तो कणांचा एक इवलासा बांध स्वतःपुढे रचतो. हे सगळं सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात उरकतं. त्या बांधाला अडून चेंडूचा पुढचा वेग बराच कमी होतो आणि तो वरच्या दिशेनं उसळतो. चुरा तोच, एकाला गडगडायला वाव मिळतो आणि दुसऱ्याला बांध आडवा येतो. चेंडू जिथं रुतला तिथं खूणही उरते. पॅरिसच्या लाल मातीवर पंच खुर्चीवरून उतरून बोटानं ती खूण दाखवतात ते यामुळेच.

दुसऱ्या दिवशी भाचीला कामाला लावलं. ती बारा वर्षांची, गावातल्या पोरांमध्ये क्रिकेट खेळते, म्हणून तिच्याकडे टेनिसचा चेंडू होता. खऱ्या टेनिसच्या चेंडूचा नियम असा आहे की २५४ सेंटिमीटरवरून टणक जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. भिंतीवर कोळशानं रेघ मारली, भाची स्टुलावर चढली. शहाबादी फरशीवर चेंडू तिच्या छातीपर्यंत आला. नियमात बसला नसता, पण जुना चेंडू होता, आतली दाबलेली हवा झिरपून गेलेली. (स्पर्धेत पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात, ते काही श्रीमंतीचा तोरा म्हणून नव्हे.) सारवलेल्या अंगणात कमरेला आला. वखरलेल्या वावरात नेला तर धप्प आवाज करून ढेकळात बसला. "मामा, मेला हा," भाची म्हणाली.

फरशीवर तिला आणखी एक गोष्ट करायला लावली. चेंडू नुसता पुढे टाकायचा, आणि मग वरून पुढच्या दिशेला घासून, फिरवून टाकायचा. फिरवलेला चेंडू टप्प्यानंतर असा काही पुढे झेपावला की तुळशीवृंदावनावर आपटला. इगाचं मुख्य हत्यार हेच. रॅकेट खालून वर अशी झटकली की चेंडू पुढच्या दिशेनं गरगरत जातो. त्याची लव भोवतीच्या हवेला सोबत ओढते आणि मागे सुटणारी हवा वरच्या बाजूला फेकली जाते. चेंडू हवेला वर ढकलतो, हवा त्याला खाली दाबते. त्यामुळे जाळीच्या बऱ्याच वरून गेलेला चेंडू अचानक खाली वाकून आत पडतो. तिरप्या रॅकेटनं मारलेला चेंडू वाकतो हे न्यूटननं १६७२ साली प्रकाशावरच्या एका पत्रात जाता जाता लिहून ठेवलं आहे. पुढे १८७७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी टेनिसच्या चेंडूच्या अशा वाकड्या वाटेवर अख्खा निबंध लिहिला.

असा चेंडू जमिनीला उभट कोनात भेटतो, म्हणून उसळतोही उंच. त्यात लाल मातीचा बांध. समोरच्या खेळाडूला तो खांद्याच्या उंचीवर घ्यावा लागतो, आणि तिथून जोर लावणं किती अवघड ते डोक्यावरचा भारा उतरवताना कळतं. इगाचा त्या वर्षीचा फॉर्म नुसत्या जिद्दीवर चालला होता असं मला वाटत नाही. तिचा फटका आणि ती माती एकमेकांसाठीच केली होती.

त्या वर्षी जानेवारीत मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ती उपान्त्य फेरीत हरली. फेब्रुवारीत दुबईला पुन्हा हरली. तिथून जी गाडी सुटली ती दोहा, कॅलिफोर्नियातलं इंडियन वेल्स, मायामी, जर्मनीतलं श्टुटगार्ट, रोम आणि पॅरिस अशा सलग सहा स्पर्धा जिंकूनच थांबली. मध्येच अग्रमानांकित अ‍ॅश बार्टीनं निवृत्ती घेतली आणि एप्रिलमध्ये इगा पहिल्या क्रमांकावर बसली.

या गावांची घड्याळं बघा. मायामीहून श्टुटगार्टला गेलं की घड्याळ सहा तास पुढे. शरीराच्या आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे त्याला झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. म्हणून पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा पूर्वेकडचा त्रासदायक. रुळायला साधारण दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. आपल्याकडे ओलितवाल्यांना हे विमानात न बसता माहीत आहे. एक आठवडा मोटारीची लाइन दिवसा, पुढचा आठवडा रात्री. रात्रभर बारे देऊन आलेला माणूस सकाळी कसा दिसतो, तसंच विमानतळावरून उतरलेल्या खेळाडूचं होत असणार. फरक इतका की तिच्याबरोबर फिजिओ असतो.

मे महिन्यातल्या माद्रिदला इगा गेलीच नाही, खांद्याला आराम हवा होता. माद्रिद तसंही वेगळं प्रकरण आहे. माती लालच, पण शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर. हवा विरळ, चेंडूला अडवणारं कमी, म्हणून तो मातीवरही सुसाट जातो. चिखलदऱ्याचा घाट चढताना चिप्सचं पाकीट फुगतं ना, ते हवेचा दाब कमी झाल्याचं लक्षण. चेंडूच्याही आत दाबलेली हवा असते, बाहेरचा दाब घटला की तो जास्त टणक वागतो. पुढच्याच आठवड्यात रोमला खाली उतरायचं आणि हाताला शिकवलेलं सगळं विसरायचं.

बरं, एवढं करून मिळवलेले गुण कायमचे नसतात. ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, जिंकली की २००० गुण, पण ५२ आठवड्यांनी ते खात्यातून उतरतात. पुढच्या वर्षी तिथंच पुन्हा कमवा, नाहीतर क्रमांक घसरला. सोसायटीचं कर्ज दरवर्षी नवं-जुनं करतात तसं.

मग जुलै आला. विम्बल्डनला २ जुलैच्या सामन्यात फ्रान्सच्या अलीझे कॉर्नेनं इगाला ६-४, ६-२ असं हरवलं आणि सलग ३७ विजयांची मालिका तुटली. पॅरिसच्या अंतिम सामन्याला महिनाही झाला नव्हता. पेपरांत मानसिक दडपण वगैरे आलं, असेलही. मी मात्र जमिनीकडे बघत होतो. विम्बल्डनचं गवत बारमाही रायग्रास, आठ मिलिमीटरवर कापलेलं. पात्यांवरून चेंडू घसरतो, घर्षण कमी, बांध रचायला सुटे कण नाहीत. पुढचा वेग टिकून राहतो आणि उसळी बुटकी येते. इगाची मूठ रॅकेटवर अशी धरलेली असते की खांद्याजवळचा चेंडू तिला खाऊ. तोच गुडघ्याखाली सरपटत आला की मनगट मोडून घ्यावा लागतो, आणि लांब झोकासाठी वेळ नसतो. मातीत जी कला कामी आली तीच गवतावर अडचण झाली. आबाजींना एवढंच सांगितलं, इथं चेंडूही घसरतो. "हां, मंग बराबर हाय," ते म्हणाले. समाधान झालं त्यांचं.

तान्हा पोळा होतो न होतो तोच न्यूयॉर्कची यूएस ओपन स्पर्धा सुरू झाली. तिथं सिमेंटसारखं कडक कोर्ट आणि उन्हाळ्याचा दमट शेवट. दमट आणि कोरडं यातला फरक आमच्या भागात कूलर शिकवतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असलं तरी वाळ्याच्या ताट्यांतून गार वारा येतो, कारण कोरडी हवा पाणी भराभर पिते आणि वाळणारं पाणी उष्णता घेऊन जातं. पाऊस पडला की तोच कूलर निरुपयोगी. घामाचंही तसंच. एक लीटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, नुसता गळून गेला तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून टेनिसवाले साध्या तापमापकावर विसंबत नाहीत. ओल्या वातीच्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्याला २० आणि सावलीतल्या साध्याला फक्त १०. या मापानं विम्बल्डनला आकडा ३०.१ अंशांवर किंवा त्याच्याही वर गेला की तीन सेटच्या सामन्यात दुसरा सेट संपल्यावर, तिसरा सुरू होण्याआधी दहा मिनिटांची विश्रांती मागता येते. सोयाबीन सोंगणाऱ्या बायांसाठी कोणी ओली वात टांगलेली मी अजून पाहिली नाही.

न्यूयॉर्कच्या आधी इगानं एक तक्रार केली होती, आणि ती कापूसवाल्या गावानं ऐकावी अशी होती. अमेरिकेतल्या त्या स्पर्धांत बायकांना पुरुषांपेक्षा पातळ लव असलेला चेंडू देत. ही लव म्हणजे लोकर, नायलॉन आणि थोडा कापूस यांचं कापड. दाट लव फुलली की चेंडू हवेत अडखळतो, आवरता येतो. पातळ लवेचा चेंडू सुटतो तो सुटतोच. जोरात मारलं की हाताबाहेर जातो, असं तिचं म्हणणं. पहिल्या क्रमांकाची खेळाडू बोलली म्हणून लोकांनी ऐकून तरी घेतलं. त्याच चेंडूनं ती सप्टेंबरमध्ये ट्युनिशियाच्या ओन्स जाबेरला हरवून अजिंक्य ठरली. २०२३पासून तिथं बायकांनाही दाट लवेचा चेंडू मिळाला. २०२२ साली इगा एकूण ७६ सामने खेळली, त्यातले ६७ जिंकली.

गवताचा हिशेब तिनं २०२५ साली चुकता केला. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोवाला ६-०, ६-० असं ५७ मिनिटांत हरवलं. फटके आधीपेक्षा सपाट, सर्व्हिस जोरदार. सामना सुरू झाला तेव्हा इकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, बाहेर झड लागलेली. आबाजी छत्री घेऊन आले होते. बसून नीट काही दिसायच्या आत निकाल लागला, म्हणून थोडे नाराजच झाले.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर भाची चेंडू घेऊन पुन्हा वावरात गेली. तिला बघायचं होतं ओल्या काळ्या मातीत किती उसळतो ते. चेंडू अर्धा आत गेला. हातानं ओढून काढला तेव्हा त्याच्याभोवती मुठीएवढा चिखल होता. पडवीत ठेवून दिला, वाळल्यावर माती खपल्या होऊन पडली, पण लव काळीच राहिली. आता तो क्रिकेटला चालत नाही म्हणून भाची पुसायला फडकं शोधते आहे.