कॉन्टेसा एक नव्हती, दोन होत्या

ठाण्यात उपवन तलावाच्या काठी एखादी जुनी कॉन्टेसा मोटार उभी दिसली की "त्या काळी हिच्यापुढे कोणी टिकत नसे" हे वाक्य कानावर पडतेच, आणि पाठोपाठ तिला 'देशी मसल कार' (दणकट इंजिनाची वेगवान गाडी) ही पदवी बहाल होते, जी मला मुळीच सोसत नाही. हे कौतुक नेमक्या कोणत्या कॉन्टेसाचे चालले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

हिंदुस्थान मोटर्सने 1984 च्या सुमारास विक्रीस आणलेली पहिली कॉन्टेसा आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात आलेली कॉन्टेसा क्लासिक यांचा पत्रा एकच, म्हणजे ब्रिटनमध्ये बंद झालेल्या व्हॉक्सहॉलच्या गाडीचा. जाळी, बंपर, आतले कापड यांवर ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा. पहिलीत ॲम्बॅसॅडरचेच 1489 सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन होते. क्लासिकमध्ये इसुझू या जपानी कंपनीचे 1817 सीसीचे इंजिन व पाच गिअर आले.

घोटाळा होतो तो इथे. "तीनशे सीसीच तर जास्त" असे म्हणून लोक हा फरक उडवून लावतात. क्षमता सुमारे 22 टक्क्यांनीच वाढली हे खरे, परंतु शक्ती साधारण 50 अश्वशक्तीवरून 85 च्या आसपास गेली, आणि त्याचे उत्तर सीसीत नसून सिलिंडरच्या घडणीत आहे. बीएमसीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 73 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 88.9, म्हणजे सिलिंडर अरुंद व उंच; इसुझूचा बोअर 84 आणि स्ट्रोक 82, म्हणजे रुंद व बुटका. रुंद सिलिंडरच्या माथ्यावर मोठे व्हॉल्व्ह (हवा आत व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) बसतात, त्यामुळे इंजिनाला मोकळा श्वास घेता येतो. स्ट्रोक आखूड असल्याने तितक्याच फेऱ्यांना पिस्टनची धावपळही कमी होते. शिवाय बीएमसीचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये असून तो पुशरॉड नावाच्या लांब काड्यांच्या साहाय्याने व्हॉल्व्ह हलवतो, तर इसुझूचा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावरील हेडमध्येच असल्याने मधले वजन टळते आणि इंजिन वरच्या फेऱ्यांतही दमत नाही. बीएमसी कमी वेगात इमानाने ओढते, परंतु तिला पळवू गेल्यास आवाज वाढतो, वेग नाही. असे इंजिन ॲम्बॅसॅडरहून जड अंगात बसवल्यावर घोडबंदर रस्त्याच्या गायमुख घाटात, पाच माणसे भरलेली असताना, काय होत असेल ते सांगायला नको.

म्हणूनच विकत घेताना डिकीवरच्या 'क्लासिक' या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती अक्षरे भंगारवाल्याकडेही मिळतात. आरसी पुस्तकातील सीसीचा आकडा पाहावा आणि, जुन्या गाड्यांची इंजिने बदललेली असू शकतात म्हणून, बॉनेट उघडून खात्री करावी. बीएमसीचा कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळणारा भाग) आणि धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड दोन्ही एकाच बाजूला असतात. ॲम्बॅसॅडर पाहिलेल्याला हे इंजिन ओळखायला क्षणही लागत नाही.

आणि ज्यांना खरोखर वेगच हवा आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी कॉन्टेसाप्रेमींना सहसा रुचत नाही: पुढे नव्वदच्या दशकात ॲम्बॅसॅडरलाही 1817 सीसीचे इसुझू इंजिन मिळाले, आणि ती गाडी वजनाने कॉन्टेसाहून हलकी होती. माझी पसंती तिलाच.