बडी वेगळा, गाइड वेगळा

तारकर्लीला किंवा मालवणला स्कूबा करून आलेल्या कुणालाही विचारा, खाली सोबत कोण होतं? उत्तर ठरलेलं: "होता एक पोरगा, मागून सिलिंडर धरून ठेवला होता त्याने." तो पोरगा इन्स्ट्रक्टर किंवा डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखाली माणसं नेणारा प्रशिक्षित गाइड, असतो (निदान असायला हवा), आणि पाण्याखाली तुमच्या वाटणीचं सगळं काम तोच करतो. जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं, किती खोल जायचं, वर कधी यायचं, सगळं त्याच्याकडे. तुम्ही श्वास घ्यायचा, कान मोकळे करायचे आणि फोटोपुरता हात हलवायचा. ही ट्राय डाइव्ह. त्यात वावगं काही नाही.

घोळ पुढे होतो. त्यातलाच एखादा रीतसर कोर्स करतो, ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पातळीचं, कार्ड मिळवतो आणि कर्नाटकातल्या नेत्राणीच्या नाहीतर अंदमानातल्या हॅवलॉकच्या बोटीवर एकटाच जाऊन बसतो. तिथे त्याची जोडी शंभर-दीडशे डाइव्ह झालेल्या एखाद्या मुरलेल्या माणसाशी लावली जाते. नवख्याला वाटतं, चला, गाइड मिळाला. मुरलेल्याला वाटतं, चला, बडी मिळाला. दोघंही हसून हात मिळवतात आणि दोन वेगवेगळ्या समजुती घेऊन पाण्यात उडी मारतात.

बडी म्हणजे बरोबरीचा जोडीदार. माझी हवा संपली तर तू देशील, तुझी संपली तर मी देईन, हा त्यातला करार. तो दोन्ही बाजूंनी लागू असतो, अनुभव कितीही कमी-जास्त असो. गाइडची जबाबदारी एकाच दिशेने जाते: तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे बघावं अशी त्याची अपेक्षा नसते. त्यासाठी त्याने वेगळं शिक्षण घेतलेलं असतं. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत डाइव्हमास्टरचा कोर्स सुरू करायलाच 40 डाइव्ह लागतात, पुरा करायला 60, आणि त्याआधी रेस्क्यू डाइव्हर आणि प्रथमोपचार हे झालेलं असावं लागतं. डाइव्हची संख्या हा त्यातला सोपा भाग. घाबरलेल्या माणसाला खाली कसं आवरायचं, चार जणांवर एकाच वेळी नजर कशी ठेवायची, हे नुसते डाइव्ह मोजून येत नाही. दोनशे डाइव्ह केलेला हौशी माणूसही यात कच्चा असू शकतो.

फरक कुठे दिसतो, तर बोटीवरच्या तपासणीत. बडी असाल तर उडी मारण्याआधी दोघांनी एकमेकांचं सामान बघायचं असतं: जॅकेट, वजनं, बकलं, हवा. हवा बघायची म्हणजे दाब दाखवणाऱ्या गेजवरचा 200 बारचा आकडा वाचून मोकळं व्हायचं नाही. रेग्युलेटर तोंडात धरून, गेजच्या काट्यावर डोळे ठेवून दोन-तीन मोठे श्वास घ्यायचे. काटा हलला नाही तर ठीक. श्वासागणिक खाली झुकून परत वर येत असेल तर समजायचं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. अशा व्हॉल्व्हमधून बोटीवर श्वास व्यवस्थित येतो, आणि खोलवर गेल्यावर ओढूनही पुरत नाही. नवख्या माणसाला ही गोष्ट कोर्समध्ये शिकवलेली असते. पण समोर अनुभवी माणूस उभा आहे म्हटल्यावर तो संकोचतो: यांचं सामान मी काय तपासणार! आणि अनुभवी माणूस तपासणी झटकन उरकतो, कारण त्याला सवय झालेली असते. व्हॉल्व्ह मात्र सवयीनेच राहतो अर्धवट.

आता हवेचा हिशेब. अकरा लिटरच्या सिलिंडरात 200 बार हवा, त्यातली 50 राखीव, म्हणजे वापरायला 150 बार, साधारण 1650 लिटर. पंधरा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या अडीचपट असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला अडीचपट हवा लागते. पाय मारत, हात हलवत जाणारा नवखा पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला 25 लिटर ओढत असेल तर खाली साडेबासष्ट ओढतो आणि 26 मिनिटांत आटोपतो. संथपणे तरंगणारा मुरलेला 15 लिटरवर भागवतो, त्याची हवा 44 मिनिटं टिकते. उतरण्या-चढण्याचा तपशील सोडला तरी दोघांत अठरा मिनिटांचा फरक पडतो.

तुम्ही बडी असाल तर डाइव्ह 26 मिनिटांचाच. ज्याची हवा आधी संपेल त्याच्याबरोबर दुसऱ्यानेही वर यायचं. खोलीचंही तसंच. ओपन वॉटरवाल्याची मर्यादा 18 मीटर, त्यापुढचा कोर्स केलेल्या अ‍ॅडव्हान्स्डवाल्याची 30, तर जोडीची मर्यादा 18. पुढे पोहायला अनुभवी माणूस हरकत नाही, पण किती खोल आणि किती वेळ, हे ठरतं नवख्यावरून. अनेकांना इथेच ठेच लागते, कारण त्यांनी चव्वेचाळीस मिनिटांचे पैसे भरल्यासारखं वाटत असतं. "तू जा वर, मी येतो जरा," अशी खूण करणारा माणूस बडी राहिलेला नसतो, आणि गाइड तर तो कधीच नव्हता.

मुरलेल्याच्या बाजूनेही बघायला हवं, कारण या गोंधळात त्याचंही नुकसान आहे. नवख्याने स्वतःला पाहुणा मानलं की तो फक्त पुढच्याच्या फिनकडे, म्हणजे पायातल्या वल्ह्यांकडे, बघत पोहतो. पुढच्याच्या रेग्युलेटरमधून पाण्यात हवा सुटू लागली, त्याचा पाय जाळ्यात अडकला, तर मागचा काय करणार? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तो मास्तरसाठी असतो, शिकणाऱ्यासाठी नाही. नवख्याला गाइडसारखं घेऊन उतरणारा अनुभवी डाइव्हर एका अर्थी एकटाच उतरलेला असतो. फक्त त्याच्यामागे एक माणूस असतो.

या जबाबदारीला कायद्यातही वजन असू शकतं. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ योंगाला या बुडालेल्या जहाजावर एक नवविवाहित अमेरिकन जोडपं उतरलं. नवऱ्याचा रेस्क्यू डाइव्हरचा कोर्स झालेला, बायको अगदी नवखी. ती खाली अडचणीत आली, तो तिला सोडून मदत आणायला वर गेला, ती वाचली नाही. आधी खुनाचा आरोप लागला. 2009 मध्ये त्याने सदोष मनुष्यवध कबूल केला आणि त्या कबुलीचा पाया होता बडी म्हणून असलेलं कर्तव्य न पाळणं. 12 महिन्यांची प्रत्यक्ष कैद अपिलात 18 महिने झाली. पुढे अमेरिकेत खुनाचा खटला उभा राहिला, तो 2012 मध्ये पुराव्याअभावी न्यायाधीशांनीच संपवला. त्या नवऱ्याच्या मनात काय होतं हा प्रश्न बाजूला ठेवा. 'याला येतं, मी याच्यामागून जाते' हे वाक्य नवरा-बायकोच्या जोड्यांत आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं, आणि रेस्क्यूच्या कार्डाने कुणी गाइड होत नाही.

फ्रान्सने हा प्रश्न नियमानेच सोडवलाय. तिथे पहिल्या लेव्हलचा डाइव्हर 20 मीटरपर्यंत जातो तो अधिकृत गाइडच्या हाताखालीच. गाइडमागे जास्तीत जास्त चार जण. नुसत्या अनुभवी मित्राबरोबर उतरायची मोकळीक साधारणपणे दुसऱ्या लेव्हलला मिळते. अमेरिकी पद्धतीत, म्हणजे आपल्याकडे बहुतेक सेंटरवर चालते त्यात, ओपन वॉटरचं कार्ड मिळालं की तुम्ही कागदोपत्री कुणाचेही बडी. मला फ्रान्सचं थोडं जाचक वाटतं, पण चार डाइव्ह झालेल्या माणसाला 'तू आता बरोबरीचा' म्हणणंही जरा जास्तच आहे.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: गाइड असला म्हणजे बडी लागत नाही, असं नाही. हॅवलॉकला चौघांचा गट गाइडमागे जातो तेव्हा गाइडचे डोळे बराच वेळ पुढे असतात: प्रवाह, वाट, तो शोधत असलेला मासा. तुमच्या शेजारी जो आहे तो तुमचा बडी, आणि घशावरून आडवा हात फिरवून 'हवा नाही' म्हणायची वेळ आली तर पोहोचणार तोच. मालवण किंवा गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ पाणी गढूळ असलं की काही मीटरपलीकडे दिसत नाही. तिथे गाइडची फिन दिसेनाशी होणं मुळीच दुर्मिळ नाही. बडी हरवला तर नियम साधा: एक मिनिट आजूबाजूला बघायचं, सापडला नाही तर सावकाश वर यायचं आणि पृष्ठभागावर भेटायचं. हे दोघांना ठाऊक असेल तरच उपयोगाचं, नाहीतर एक जण वर लाटांत वाट बघतो आणि दुसरा खाली शोधत हवा संपवतो.

तेव्हा जोडी लागली की बोटीवरच सरळ विचारावं: "तुमचे डाइव्ह किती, शेवटचा कधी, किती बारला खूण करायची, कोण पुढे राहणार?" नवखे असाल तर आकडा फुगवून सांगू नका, दहाचे पंचवीस करण्याने हवा वाढत नाही. आणि तुम्हाला खरंच गाइड हवा असेल, म्हणजे कुणीतरी फक्त आपल्याकडेच बघावं असं वाटत असेल, तर सेंटरला तसं सांगून जादा पैसे भरून स्वतःपुरता डाइव्हमास्टर घ्या. अनोळखी सहप्रवाशाकडून ते काम फुकटात काढून घेऊ नका. मुरलेले असाल आणि तुम्हाला नवख्याला सांभाळायचं नसेल, तर तेही आधीच बोला. समोरचा जर दोन दिव्यांचा मोठा कॅमेरा मांडीवर घेऊन बसला असेल, तर तो एका गोगलगायीपाशी दहा मिनिटं डोकं खाली घालून राहणार हे गृहीत धरा आणि डाइव्हमास्टरला सांगून जोडी बदलून घ्या. राग आलाच त्याला, तर येऊ दे.