नॉइज आणि हॉट पिक्सेल: पॅनोरामा जोडण्याआधी

रात्रीच्या पॅनोरामात, म्हणजे अनेक फ्रेम जोडून केलेल्या रुंद चित्रात, लाल-निळे ठिपके दिसले की ‘नॉइज आला, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमी ठेवायला हवा होता’ असे सांगणारे हौशी छायाचित्रकार पणजीत पैशाला पासरी मिळतात. नॉइज बहुतेकांच्या ओळखीचा असतो: अपुऱ्या प्रकाशात सगळीकडे उमटणारी आणि प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी पडणारी दाणेदार खरखर. हॉट पिक्सेल मात्र सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, दोष आहे. तिथे प्रकाश नसतानाही गळक्या नळाच्या थेंबांसारखा विद्युतभार साठत राहतो, आणि सेन्सरचे तापमान साधारण सहा-सात अंश सेल्सियसने वाढले की ही गळती दुपटीच्या घरात जाते. त्यामुळे आयएसओ उतरवून एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश घेण्याचा वेळ, लांबवणारा तो सल्ला मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात आगीत तेल ओततो.

खरी मेख जागेत आहे: हॉट पिक्सेल आपली जागा सोडत नाही. मांडवी नदीपलीकडे बेतीच्या काठावर ट्रायपॉड लावून मी पणजीचे नऊ फ्रेम घेतले होते, प्रत्येकी 30 सेकंदांचे. जोडलेल्या चित्रात आल्तिनोच्या टेकडीवर, काळ्या आकाशात, सारख्या अंतरावर सात लाल ठिपके एका ओळीत उभे होते. एकच पिक्सेल नऊ वेळा आला होता आणि त्यांतले दोन ठिपके जोडाच्या रेषेपलीकडे कापले गेले होते. नॉइज अशी रांग कधीच लावत नाही.

हे ठिपके काढायची जागा रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, हीच आहे, याबद्दल मी हटवादी आहे. रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलकडे लाल, हिरवा वा निळा असा एकच रंग असतो. उरलेले दोन नंतर शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात. तोवर हॉट पिक्सेल म्हणजे एकच चुकीचा आकडा असतो. रंग भरले की त्याची रंगीत फुली होते, आणि पुढे जोडणारे सॉफ्टवेअर फ्रेम वळवते, ताणते, तेव्हा ती फुली फासली जाऊन सेन्सरवरचा मूळ पत्ताच हरवतो. अशा वेळी नॉइज रिडक्शनची पट्टी ओढणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा येतो, कारण मांडवीवरच्या लाटा पुसल्या जातात आणि ठिपक्याचा गुलाबी डाग तेवढा शिल्लक राहतो.

उपाय डार्क फ्रेमचा. चित्रण संपताच, कॅमेरा गरम असतानाच, लेन्सवर टोपी लावून त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच एक्स्पोजरचे चार-पाच फ्रेम घ्यावेत, त्यांची सरासरी काढावी व ती चित्राच्या प्रत्येक रॉ फ्रेममधून वजा करावी. एकट्या डार्क फ्रेमचा स्वतःचा नॉइज चित्रात मिसळतो. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनची सोय हेच काम प्रत्येक फ्रेममागे करते, पण नऊ फ्रेमना साडेचार मिनिटे जादा लागतात आणि तेवढ्यात ढग सरकतात, फेरीबोट निम्मी नदी ओलांडते. पॅनोरामासाठी ती बंदच ठेवावी.

नुसती वजाबाकी मात्र नेहमी पुरत नाही. पिक्सेल काठोकाठ भरला असेल तर वजा केल्यावर खाली चित्र उरतच नाही, लाल ठिपक्याच्या जागी काळा खड्डा पडतो. तिथे डार्क फ्रेम नकाशासारखी वापरून, त्याच रंगाच्या, म्हणजे बहुधा दोन घरे पलीकडच्या, पिक्सेलांवरून किंमत भरावी लागते. रॉ फाइली उघडणाऱ्या रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये डार्क फ्रेम आणि हॉट पिक्सेल फिल्टर अशा दोन्ही सोयी आहेत. त्यानंतर सर्व फ्रेमना एकच व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) देऊन 16 बिटच्या टिफ फाइली कराव्यात आणि मगच त्या हुगिन या पॅनोरामा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवाव्यात.