जातिवंत कुत्रा दत्तक घेताय? पहिले काही आठवडे पट्टा हातातून सोडू नका

आमच्याकडून कुत्रा नेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इतका चांगला, जातिवंत कुत्रा कुणी सोडला तरी कसा?" त्याला लागूनच दुसरा येतो: "सोडलाय म्हणजे काहीतरी खोट असणारच ना?" दोन्हींची उत्तरं खाली दिली आहेत. पण हे पत्रक खरं तर तिसऱ्या गोष्टीसाठी छापलं आहे. कुत्रा नेल्यावर आठवडाभराच्या आत फोन येतो, "तो निसटला." मग आमची माणसं सगळी कामं टाकून शोधायला निघतात. अशा बहुतेक वेळा हे टाळता आलं असतं.

आधी पहिल्या दोन प्रश्नांविषयी. घर बदललं, घरात बाळ आलं, मालक आजारी पडले किंवा वारले, कामामुळे वेळ देता येईना, ही नेहमीची कारणं. याशिवाय जात न समजता घेतलेले कुत्रे बरेच असतात. निळ्या डोळ्यांवर भाळून हस्की आणला जातो आणि त्याला रोज किती पळावं लागतं हे नंतर कळतं. बॉर्डर कॉलीला दिवसभर काम मिळालं नाही, तर तो घरातल्या मुलांना आणि रस्त्यावरच्या सायकलींना मेंढरांसारखं वळवायला लागतो. यात कुत्र्याची खोट कुठेच नाही. पिल्लांसाठी वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्याही येतात. त्यांनी जिना, टीव्ही, गुळगुळीत फरशी यांतलं काहीच पाहिलेलं नसतं. त्यांना वेळ द्यावा लागतो, पण त्या सुधारतात.

आता मुख्य मुद्दा. लोक जातीकडे हमीपत्र म्हणून पाहतात. "लॅब्राडोर आहे, तो कुठे जाणार?" "जर्मन शेफर्ड म्हणजे एकनिष्ठ, सोडला तरी मागे येईल." जातीवरून फक्त कल कळतो, त्या एका कुत्र्यावर आजवर काय गुजरलं ते कळत नाही. आणि कलही अनेकदा उलट बाजूचा असतो. बीगल वासाचा माग काढण्यासाठी तयार केलेली जात आहे. एकदा नाक जमिनीला लागलं की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ग्रेहाउंडला लांबवर काही हललेलं दिसलं की तो ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने सुटू शकतो. तुमचा लॅब्राडोर तर खाऊ दाखवणाऱ्या कुणाच्याही मागे आनंदाने जाईल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आपलं घर आहे, हे पहिल्या दिवसांत त्याला माहीतच नसतं. कधी कधी नावसुद्धा नवं असतं. दार आपटलं, शेजारून मोठा हॉर्न वाजला की तो घाबरून पळतो. परत यायचं ते कुठे, हेच त्याला ठाऊक नसतं.

कुत्रा निसटतो कसा, हे एकदा नीट पाहा. चालता चालता तो अचानक थांबतो. मान खाली जाते, कान मागे चिकटतात, पंजे रोवले जातात. तुम्ही पुढून पट्टा ओढता. तो मागे सरकतो, मान वळवतो आणि कॉलर कानांवरून सरकून तुमच्या हातात राहते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. ग्रेहाउंडची मान डोक्याइतकीच जाड असते आणि पगचं तोंड चपटं असतं. अशांच्या बाबतीत साध्या कॉलरवर अजिबात विसंबू नका. कुत्रा थांबला की ओढू नका. त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा, पट्टा सैल ठेवा आणि त्याला बघू द्या. बहुतेक वेळा तो आपणहून पुढे निघतो.

म्हणून आमच्याकडून कुत्रा हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारे पट्टे) आणि कॉलर अशा दोन्हींसकट आणि दोन हुकांच्या पट्ट्यासकट जातो. "एवढं कशाला?" असं काहीजण विचारतात. एक सुटलं तरी दुसरं धरून राहावं, म्हणून. हार्नेस आम्ही इथेच मापाने बसवून देतो. हार्नेसखाली दोन बोटं जातील इतका तो सैल असावा, त्याहून जास्त नाही. घराचं दार किंवा गाडीचा दरवाजा उघडण्याआधी पट्टा हातात असू द्या. अंगणाला कुंपण असलं तरी सुरुवातीला पट्ट्यावरच न्या. हस्की कुंपण चढतोही आणि खाली खणतोही. हाकेला येणं बंदिस्त जागेत लांब दोरीवर शिकवा आणि आला की दर वेळी बक्षीस द्या. आमच्या प्रशिक्षण वर्गात हेच आधी घेतो. दत्तक घेणाऱ्यांना पहिला वर्ग वेगळे पैसे न घेता देतो.

निसटलाच, तर मागे धावू नका आणि मोठ्याने हाका मारू नका. घाबरलेला कुत्रा आणखी लांब जातो. दिसला तर खाली बसा, अंग त्याच्याकडे वळवू नका, खाऊ जवळ टाका. शेवटचा दिसला त्या जागी एकाने थांबावं. त्याची न धुतलेली चादर तिथे ठेवा आणि लगेच आम्हाला फोन करा. तासाभराने नाही, लगेच.

मायक्रोचिप, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली बारीकशी चिप, हिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. तिच्यात 15 अंकी क्रमांक असतो आणि तो स्कॅनरने वाचावा लागतो. त्या क्रमांकावर जुन्या मालकाचा फोन असेल, तर सापडलेला कुत्रा तुमच्यापर्यंत पोचणार कसा? म्हणून नोंदणीचा फॉर्म इथेच भरून घेतो. "घरी जाऊन भरतो" म्हणणाऱ्यांनाही थांबवतो, कृपया राग मानू नका.

शुल्क का घेतो, हेही सांगतो. तपासणी, लसी, जंतांचं औषध, गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची चाचणी आणि नसबंदी इथे झालेली असते. चालीत फरक दिसला तर लॅब्राडोर आणि शेफर्डच्या खुब्यांचा एक्स-रेही काढतो. मिळालेले सगळे अहवाल तुम्हाला देतो. वंशावळीची कागदपत्रं मात्र बहुतेकांची नसतात. जात आम्ही दिसण्यावरून आणि जुन्या मालकाच्या सांगण्यावरून लिहितो, तो अंदाज असतो. पिल्लं काढायला कुत्रा हवा असेल, तर आम्ही देत नाही.

कॉली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड नेणाऱ्यांनी जात डॉक्टरांना आवर्जून सांगावी. या जातींतल्या अनेकांना आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाची मोठी मात्रा जिवावर बेतू शकते. पग, बुलडॉग यांना उन्हात फिरवू नका. खाणं सुरुवातीला आम्ही दिलेलंच ठेवा आणि बदलायचं असेल तर आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदला. पाहुणे आणि आंघोळ थोडी लांबली तरी चालेल.

न जमल्यास कुत्रा आमच्याकडेच परत आणा, कधीही. दुसऱ्या कुणाला परस्पर देऊ नका. न्यायला येताना घरातली सगळी माणसं बरोबर असावीत, कारण पट्टा धरायची पद्धत आम्ही प्रत्येकाला दाखवतो. मुलांनाही.