स्लॅबखालचे टेकू केव्हा काढायचे?

नाशिकमध्ये गंगापूर रस्ता आणि पाथर्डी फाटा या भागांत उंच निवासी इमारती उभ्या राहत आहेत. अशा इमारतींच्या बांधकामात प्लायवूडच्या शटरिंगची जागा आता अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमचा साचा, म्हणजे कामावरच्या बोलीतले ‘मायवन’, घेतो आहे. त्यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतता येतात, तुकडे पिन आणि पाचरींनी जोडले जातात आणि ते हातांनीच वरच्या मजल्यावर चढवता येतात. मजला आठवडाभरात पुरा होऊ शकतो. काँक्रीट मात्र आपल्याच गतीने ताकद धरते, आणि माझ्या मते उंच इमारतीच्या सुरक्षिततेचा सर्वांत नाजूक प्रश्न इथेच आहे.

150 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 375 किलो भरते. राहत्या खोलीच्या जमिनीवर माणसे आणि सामान यांचा भार मात्र साधारण 200 किलोच धरलेला असतो. म्हणजे नुकत्याच ओतलेल्या स्लॅबचे ओझे खालचा एकटा मजला, तोही पुरता न पिकलेला, पेलू शकेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून टेकू खालच्या दोन-तीन मजल्यांपर्यंत ठेवून ते ओझे वाटून द्यावे लागते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात 2 मार्च 1973 रोजी एका निवासी इमारतीचा चोविसावा मजला ओतला जात असताना तेविसाव्या मजल्याचा आधार वेळेआधी काढला गेला. स्लॅब खांबांभोवती भेदला जाऊन मजल्यावर मजला कोसळत जमिनीपर्यंत आला आणि 14 कामगारांचा जीव गेला.

आपल्याकडील आयएस 456:2000 या मानकात 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवावेत, असे म्हटले आहे. हे दिवस सरसकट लागू नाहीत. सिमेंट साधे पोर्टलँड असावे, पाण्याने क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, नीट व्हावे आणि तापमान 15 अंशांखाली जाऊ नये, या अटींवर ते दिलेले आहेत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री 10 अंशांच्याही खाली उतरतो. एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रांत निघणारी राख मिसळलेले सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरते, आणि काँक्रीटची स्वतःची उष्णता प्लायवूडपेक्षा ॲल्युमिनियममधून लवकर निघून जाते. ही तिन्ही कारणे एकत्र आली की कॅलेंडरवरचे सात दिवस पुरेसे ठरतीलच असे नाही.

यावर उपाय अवघड नाही. टाकीतल्या पाण्यात ठेवलेल्या क्यूबसोबत (ताकद तपासण्यासाठी त्याच काँक्रीटचे ओतलेले नमुना-ठोकळे) काही क्यूब त्याच मजल्यावर, त्याच थंडीत ठेवावेत आणि त्यांची ताकद तपासल्यावरच अभियंत्याने टेकू काढण्याची लेखी परवानगी द्यावी. मायवनमध्ये टेकूंची डोकी जागेवर ठेवून बाकीचे तुकडे आधी सोडवता येतात, ही त्याची खरी सोय आहे. घाईत टेकू काढून पुन्हा लावले, तर मधल्या काळात कोवळ्या स्लॅबवर अवाजवी ताण येतो. तुकडे वर देण्यासाठी स्लॅबमध्ये ठेवलेली भोके काम होताच घट्ट झाकली पाहिजेत आणि कडेला काम करणाऱ्याचा सेफ्टी बेल्ट पक्क्या आधाराला अडकवलेला असला पाहिजे. साच्याच्या सुट्या तुकड्याला तो अडकवून चालत नाही.